अक्काच्या मनगटावरचं घुंगरू

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचे हात काळे असतात, हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या कानांकडे कुणी बघत नाही. या मिस्त्रीचे कान मात्र साऱ्या बाजाराला ठाऊक होते. शिवणकारखान्याच्या दारात चपला काढता काढताच तो सांगायचा, "खिडकीजवळची मशीन रडतेय." तिथे बसलेली बाई म्हणायची, "अहो मिस्त्री, चांगली चालतेय की!" तो जवळ जाऊन चाकावर हात ठेवायचा आणि वैद्यानं नाडी धरावी तसा डोळे मिटून उभा राहायचा. मग एखादा स्क्रू सैल व्हायचा, शटलमध्ये अडकलेला दोऱ्याचा तुकडा बाहेर यायचा, तेलाचे चार थेंब आत जायचे, आणि तीच मशीन भरल्या पोटी रवंथ करणाऱ्या गाईसारखी संथ चालू लागायची. बाई तोंडात बोट घालायची.

त्याला एका गोष्टीची फार घमेंड होती. काही दुरुस्तीवाले खडखडणाऱ्या दात्यांवर घट्ट ग्रीस थापतात. आवाज थांबतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि आतलं झिजायचं ते झिजतच राहतं. अशांना मिस्त्री 'लेपवाले' म्हणायचा. लेपवाल्यांचं नाव निघालं की तोंडातला चहासुद्धा त्याला कडू लागायचा.

घरात तिघं होती. मिस्त्री, त्याची बायको, आणि त्याची थोरली बहीण, अक्का. अक्काचे यजमान फार पूर्वी गेले, तेव्हापासून ती भावाकडे होती. ती रफू करायची. कोटाला पडलेलं भोक ती असं भरायची की मालकालाच ते शोधता येऊ नये. दिवसभर बाहेरच्या खोलीत, उजेड येईल तिकडे तोंड करून बसायची, आणि तिचा उजवा अंगठा सुईमागून असा चालायचा, जणू त्याला स्वतःचे डोळे होते. तिचा सगळा मान त्या अंगठ्यात होता. भावाच्या घरी राहते, पण भावाचं खात नाही, असं ती कधी बोलून दाखवत नसे, आणि सगळ्यांना ते कळत असे.

मिस्त्रीची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि जाताना घरात एक पिल्लू सोडून गेली. "तुम्हाला तिघांना करमायचं नाही," म्हणाली. आखूड पायांचं, लांबट अंगाचं, काळंभोर पिल्लू. कान एवढे मोठे की पाणी पिताना वाटीत बुडायचे. मिस्त्रीनं त्याचं नाव बटण ठेवलं.

"बटण कसलं, सुई आहे सुई!" बायको पहिल्या आठवड्यातच म्हणाली. "जिथं जाईल तिथं टोचतंय."

आणि खरंच, मूठभर जीव आणि मणभर हट्ट. चपला कुरतडल्या. पायपुसणं फाडून त्याच्याच चिंध्यांवर झोपला. दारावरची घंटा वाजली की असा भुंके, जणू घरावर दरोडा पडलाय. बायको झाडू मारायला लागली की झाडूला लोंबकळायचा, आणि ती तशीच त्याला फरशीवरून ओढत झाडायची. "एका कामात दोन कामं," म्हणायची, "घरही पुसून निघतं." फिरायला नेलं तर आपल्याला हवं तिकडेच जायचा. दुसरीकडे ओढलं की चारही पाय पसरून रस्त्यात आडवा. जिन्याखालचा इस्त्रीवाला हसून हसून बेजार व्हायचा. "मिस्त्री, कोण कुणाला फिरवतंय?"

मिस्त्री वरून चिडायचा आणि आतून खूश असायचा. असा बाणेदार जीव त्याला आवडायचा. कारण तोही तसाच होता.

मग बटण गुरगुरायला लागला.

जेवताना कुणी जवळून गेलं की घशातून बारीक घरघर. घरातल्या मशीनच्या पायडलखाली चिंधी घेऊन बसला असताना कुणी वाकलं की घरघर. कमरेखाली हात घालून उचललं की घरघर. इवल्याशा देहातून तो आवाज यायचा आणि मिस्त्रीच्या कानाला खडा लागावा तसा लागायचा. मशीनमधला आवाज म्हणजे दोष, आणि दोष काढायचा, हे त्याच्या हाडामांसात मुरलेलं होतं. आपल्या घरात, आपल्या कानांसमोर, एक नग खडखडतोय म्हणजे काय!

त्यानं उपाय काढला. बटण गुरगुरला की तेलाच्या रिकाम्या डब्यावर स्क्रूड्रायव्हर आपटायचा, अगदी त्याच्या कानाशी. पिल्लू दचकून अंग चोरायचं. तेवढ्यात दोन बोटांनी त्याचं तोंड मिटून धरायचं आणि डोळ्यांत बघून म्हणायचं, "गप्प." सुटायची धडपड थांबेपर्यंत सोडायचं नाही. दरवेळी, न चुकता. मिस्त्री कामात चुकारपणा करणाऱ्यांतला नव्हता.

आणि आवाज गेला. महिन्याभरात बटण गुरगुरायचा थांबला.

मिस्त्रीला कोण अभिमान! आल्यागेल्याला तो खेळ दाखवू लागला. बटणासमोर वाटी ठेवायचा आणि पाहुण्याला म्हणायचा, "घाला हात वाटीत. घाला, घाबरू नका." पाहुणा भीत भीत हात घालायचा. पिल्लू मान खाली घालून गप्प उभं. "बघा! हूं की चूं नाही. आवाज काढून टाकला मी त्याचा." इस्त्रीवाल्यानं घातला, दूधवाल्यानं घातला, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तर दोनदा घातला.

एकदा असा खेळ चालू असताना अक्कानं सुई थांबवली.

"अरे धाकट्या, त्याच्या अंगाकडे बघ जरा. लाकूड झालंय नुसतं. डोळ्याचं पांढरं दिसतंय."

"अक्का," मिस्त्री हसत म्हणाला, "तुझे डोळे कापडातली भोकं शोधणारे. तुला सगळीकडे भोकच दिसणार. ऐकू काय येतंय ते सांग."

"ऐकू काहीच येत नाही."

"मग झालं तर!"

अक्कानं पुन्हा मान खाली घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, अक्काचं दोऱ्याचं रीळ मांडीवरून घरंगळलं आणि मशीनच्या पायडलखाली गेलं. तिथे बटण होता, पुढच्या पायांत चिंधी धरून. जागा होता. मिस्त्री समोरच बसून एक शटल साफ करत होता. अक्का वाकली, रिळाकडे हात नेला. बटणानं मान वळवली, नाकावरून जीभ फिरवली आणि तो दगडासारखा निश्चल झाला. मिस्त्रीच्या कानांना काहीच ऐकू आलं नाही. पुढच्या क्षणी अक्का ओरडली.

अंगठ्याच्या मुळाशी दात खोल गेले होते. टाके पडले, सुया टोचून घ्याव्या लागल्या, आणि दवाखान्यात सांगितलं की अंगठा वाकायला वेळ लागेल. किती, ते नक्की सांगता येत नाही.

घरी येताना रिक्षात मिस्त्री बहिणीला म्हणाला, "तू त्याला दचकवलंस, अक्का. झोपला होता तो. झोपलेल्याला हात लावू नये."

त्यानं हे का म्हटलं, ते पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला. पिल्लू जागं होतं, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

अक्का पांढऱ्या पट्टीकडे बघत होती. "असेल रे," ती म्हणाली. "माझं लक्षच नव्हतं. वय झालं आता."

दोन दिवसांनी तो बटणाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेला. एकटाच गेला. बाईंनी पिल्लाला टेबलावर घेतलं नाही. त्या खाली जमिनीवर बसल्या, त्याच्याकडे पाठ करून, आणि किती का वेळ लागेना, त्यांनी त्यालाच येऊ दिलं.

"चावायच्या आधी गुरगुरला होता का, काका?"

"नाही."

"आधी कधी गुरगुरायचा?"

"लहान असताना. थोडंसं."

"मग बंद कसं झालं?"

मिस्त्रीच्या हातात पट्टा होता. त्यानं तो मनगटाभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला. "आपोआप," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "आपोआप जात नाही हो ते. गुरगुरणं म्हणजे त्याचं 'लांब राहा' म्हणणं. कुणी मार देऊन, धाक घालून ते बंद केलं, तर त्याची भीती तेवढीच राहते, फक्त सांगायची वाट जाते. मग उरतात दात." त्यांनी समजावून सांगितलं. वाटीला हात लावायचा नाही, उलट जाता जाता वाटीत काहीतरी चांगलं टाकायचं. चिंधी ओढून घ्यायची नाही, बदल्यात दुसरं द्यायचं. वरून झडप घालून उचलायचं नाही. त्याची अशी एक जागा ठेवायची, तिथे कुणी जायचं नाही. "आणि कधी गुरगुरला, तर रागवू नका. हात मागे घ्या. चांगलंच झालं असं समजा."

मिस्त्री मान हलवत राहिला. परतताना त्याला लेपवाले आठवले, आणि रस्त्यावर कुणी ओळखीचं भेटू नये असं वाटलं.

घरी त्यानं डॉक्टरबाईंचे सगळे उपाय सांगितले. वाटीचं सांगितलं, चिंधीचं सांगितलं, जागेचं सांगितलं. फक्त तो एक प्रश्न आणि त्याचं उत्तर सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात घरात एक नवा आवाज आला. बारीक, रुपेरी. मिस्त्री हात धूत होता. त्याला वाटलं, दाराबाहेर कुणाची शेळी आली. वळून बघतो तो अक्का स्वयंपाकघरातून येत होती आणि तिच्या डाव्या मनगटावर दोऱ्यात ओवलेलं एक घुंगरू होतं. उजव्या हातात जाड कापडाचा, आत कापूस भरलेला मोजा होता. डाव्या हातानं, वेड्यावाकड्या टाक्यांनी तिनं तो शिवला होता.

"हे काय अक्का?"

"अरे, मी येतेय ते त्याला आधी कळलेलं बरं. बिचारं दचकतं." ती हसली. "माझी चाल फार हळू. त्याचा तरी काय दोष?"

"वन्सं, काढा हो ते," बायको म्हणाली. "मांजराच्या गळ्यात घंटा बांधतात ऐकलं होतं. इथं उलटंच. लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, ऐकायला गोड लागेल."

त्या दिवसापासून मिस्त्रीच्या कानांना विसावा राहिला नाही. अक्का पाणी प्यायला उठली की छुम्. खिडकी लावायला गेली की छुम्. स्वतःच्या घरात सत्तरीची बाई भिंतीला धरून, हात पोटाशी घेऊन, घुंगरू वाजवत चालायची, आणि कोपऱ्यातून बटण डोळे वर करून बघायचा. रफूचे कपडे तिनं परत पाठवले होते. उजेडाकडे तोंड करून ती आता नुसतीच बसायची. मिस्त्री कारखान्यात मशीनवर वाकला, तरी चाकाच्या घुमण्यात त्याला तेच छुम् छुम् ऐकू यायचं. एकदा तर त्यानं चांगल्या चालत्या मशीनमध्ये दोष काढला आणि शिवणारी बाई आश्चर्यानं त्याच्याकडे बघत राहिली.

रोज घरी येताना तो ठरवायचा, आज सांगून टाकू. जिन्यापर्यंत शब्द तोंडात असायचे. दार उघडलं की अक्का विचारायची, "दमलास रे?" आणि शब्द पोटात जायचे.

शेवटी बायकोनंच पक्कं केलं, पिल्लू देऊन टाकायचं. गावाबाहेर एक मोठं गोदाम होतं. तिथल्या राखणदाराला भुंकणारं कुत्रं हवं होतं. साखळीनं बांधून ठेवणार होता. "वन्संचा हात महत्त्वाचा की ते पिल्लू?" बायको म्हणाली.

रविवारी सकाळी राखणदार आला. धिप्पाड, पण आवाज मऊ. दाराशीच उभा राहिला, हातात दोरी.

"एवढंच होय?" तो बटणाकडे बघून म्हणाला. "मला वाटलं कुत्रं देताय."

"चावतं ते," बायको म्हणाली. "आकारावर जाऊ नका."

तेवढ्यात घुंगरू वाजत अक्का पुढे आली. तिनं मोजा घातलेला हात दुसऱ्या हातानं झाकला आणि त्या परक्या माणसाला सांगू लागली, "ते तसं वाईट नाही हो. चूक माझी होती. झोपलेल्या जनावराला हात लावला मी. म्हातारपणी भान राहत नाही. तुम्ही त्याला साखळीला बांधू नका. जमलं तर मोकळं ठेवा. माझ्यामुळे त्याला शिक्षा नको."

राखणदारानं मान डोलावली. "म्हातारी माणसं कधी कधी..." तो दयेनं म्हणाला.

"झोपला नव्हता तो," मिस्त्री म्हणाला.

सगळे वळले.

"जागा होता. मी बघत होतो. अक्काची काही चूक नाही." तो बटणाकडे बघून पुढे म्हणाला, "तो आधी गुरगुरायचा. सांगायचा बिचारा. मी डबा वाजवून, तोंड आवळून ते बंद केलं. म्हणून अक्काला कळलं नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. रिक्षातही खोटंच बोललो."

बायकोनं कपाळाला हात लावला. राखणदार हातातल्या दोरीकडे बघू लागला. दुसऱ्याच्या घरातलं ऐकू नये ते ऐकल्यावर माणूस बघतो तसा.

अक्का भावाजवळ आली. मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं हे? डॉक्टरांनी सांगितल्यावर?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मिस्त्री म्हणाला. "तू ओरडलीस तेव्हाच."

"आणि मी हे बांधून घरभर फिरत होते, ते तू ऐकत होतास."

"हो."

"तुझे कान तर चांगले आहेत."

एवढंच ती म्हणाली. दातांनी गाठ सोडवून तिनं मनगटावरचा दोरा काढला आणि आपल्या ट्रंकेत कपडे भरायला लागली. तिच्या यजमानांची एक भाची शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची.

"वन्सं, तुम्ही कशाला जाताय? कुत्रं जातंय ना!" बायको मागे मागे धावली.

"कुत्रं जाणार नाही." अक्कानं राखणदाराला हात जोडले. "तुम्हाला उगाच खेप पडली, दादा." मग भावाकडे वळून ती म्हणाली, "त्याला घालवलंस की तू सुटलास. तसा सुटू नकोस. त्याची बोलती तू बंद केलीस, तूच सुरू कर. तो बोलायला लागला की मला कळव. तेव्हा येईन."

"आणि नाहीच बोलला तर?"

"तर भाचीकडे उजेड चांगला येतो."

राखणदार जाताना तिची ट्रंक खाली उतरवून गेला.

पुढचे दिवस घर फार मोठं झालं. बायको नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. आणि मिस्त्री, ज्यानं जन्मभर डोळे मिटून काम केलं, तो पिल्लासमोर डोळे उघडून बसायला शिकू लागला. बटणाचं सगळं बोलणं अंगात होतं. कंटाळा आला की तोंड फिरवायचा. नको असलं की नाक चाटायचा. भीती वाटली की शेपटी खाली आणि पाठीवरचे केस किंचित उभे. मिस्त्री लांबून वाटीत मांसाचा तुकडा टाकायचा आणि निघून जायचा. चिंधी हवी असली की बिस्किट पुढे करायचा. उचलायचं झालं तर जमिनीवर बसून वाट बघायचा, पाय बधिर होईपर्यंत. स्क्रूड्रायव्हर हातात दिसला की पिल्लू अजून पायडलखाली पळायचं. तेव्हा मिस्त्री अवजारांची पेटी जिन्याखाली इस्त्रीवाल्याकडे ठेवू लागला.

"घरातून हाकललं की काय अवजारांना?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"अवजारांची चूक नाही," मिस्त्री म्हणाला. त्या दिवशी इस्त्रीवाला हसला नाही.

दारावरच्या घंटेवर भुंकणं, झाडूला लोंबकळणं, रस्त्यात आडवं पडणं, सगळं होतं तसंच होतं. तो हट्ट बघून मिस्त्रीला आता बरं वाटायचं. निदान एवढं तरी आपण मोडलं नाही.

आणि एका संध्याकाळी बटण आपल्या जागेवर हाड घेऊन बसला असताना, मिस्त्री दिवा लावायला त्याच्या जवळून गेला, आणि ऐकू आलं. अगदी बारीक. जुन्या मशीनचं चाक पहिल्यांदा हलावं तसं. घर्रर्र.

मिस्त्री जागच्या जागी थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवा लावायचा राहिला आणि त्यानं भाचीच्या घरी फोन केला.

"अक्का, बोलला तो! गुरगुरला. माझ्या कानांनी ऐकलं."

"बरं झालं," ती म्हणाली. आवाजात आनंद होता, तो त्याला ओळखू आला. "आणि तू काय केलंस?"

"मी? मी लांब झालो ना. डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं."

"लगेच?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं. 'हो' जिभेच्या टोकावर होतं.

"नाही," तो म्हणाला. "जरा थांबलो. आणखी एकदा ऐकावंसं वाटलं. म्हणून एक पाऊल पुढे टाकलं."

"पुढे."

"हो. दुसऱ्यांदा गुरगुरला, तेव्हा मागे आलो."

फोनमध्ये भाचीच्या घरातला पंखा ऐकू येत होता. त्याच्या बेअरिंगला तेल हवं होतं. मिस्त्रीनं ते बोलून दाखवलं नाही.

"तो पहिल्यांदा बोलेल आणि तू पहिल्यांदाच ऐकशील," अक्का म्हणाली, "तेव्हा कळव. त्याच्या आधी नको."

"अंगठा कसा आहे?"

"वाकतो थोडा. सुई धरवत नाही अजून."

फोन ठेवून मिस्त्री खोलीत आला. अंधार पडत होता. दिव्याची कळ पिल्लाच्या जागेच्या मागच्या भिंतीवर होती, आणि पिल्लू अजून हाड चघळत होतं. मिस्त्री दाराशी जमिनीवर टेकला. त्याचं खाणं होईपर्यंत दिवा लावायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

"अहो, अंधारात काय बसलाय?" बायकोनं आतून विचारलं.

"त्याचं होऊ दे," मिस्त्री म्हणाला.